शंभराचा भाव

शेंदूरजनाघाटात पन्नाशीच्या पुढचा माणूस रात्री अकरानंतर जागा असेल, तर त्याची तीनच कारणं गावाला मान्य आहेत. तो मळ्यात थ्री फेज लाईनची वाट पाहत बसला आहे, घरात लग्न आहे, किंवा दवाखान्यात कुणीतरी ॲडमिट आहे. हा माणूस लॅपटॉपसमोर बसून अमेरिकेतल्या घोड्याला खरारा करतो आहे, हे चौथं कारण अजून यादीत आलेलं नाही. म्हणून मीही ते कुणाला सांगत नाही. विचारलंच तर लाईनची वाट पाहत होतो म्हणतो, आणि ते निम्मं खरं असतं. शेतीपंपाची लाईन कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी असली की मोटर सुरू करायला उठायचंच असतं. मग झोपून उठण्यापेक्षा न झोपलेलं बरं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्यानं हे दुखणं ओळखलं. त्यानं स्वतःला नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला आणून दिला. गेम खेळायचाच तो लॅपटॉप. तापला की फवारणी पंपाच्या वरताण आवाज करतो. ‘काका, तुमी लाईनची वाट पायता पायता रात्रभर रील पायत रायता, त्याच्यापेक्षा हे बरं नं,’ तो म्हणाला. त्याच्या खात्यात सेलमध्ये घेतलेले पुष्कळ गेम पडून होते. हल्लीच्या पोरांची ही एक रीत आहे, गेम विकत घ्यायचे आणि खेळायचे नाहीत. आमच्या घरात जुन्या साड्या टाकवत नाहीत, तशातला हा मामला असावा. मी ते खेळत गेलो आणि दिवाळीपासून मृगापर्यंत त्यातले काही संपवलेही.

संपवणं ही माझ्या पिढीला नवलाईची गोष्ट आहे. आमचा व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा खोका आणि त्यात खुपसायची कॅसेट. कॅसेटवर आत हजारो गेम असल्याचं छापलेलं. प्रत्यक्षात पाच-सहा, बाकीचे त्यांचेच नातेवाईक. ‘कॉन्ट्रा’त तीस जीव मिळवायची एक युक्ती होती, वर वर खाली खाली डावं उजवं अशी बटणं दाबायची. ती पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पण तीस जीव गाठीला असूनही आमच्यातलं कुणी शेवटाला पोचल्याचं मला आठवत नाही, कारण मधेच लाईन जायची आणि त्या खोक्याला स्मरणशक्ती नव्हती. लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून. आताचे गेम सगळं लक्षात ठेवतात. किती मारले, किती खाल्लं, कुणाला काय बोललात, किती पैसे कुठून आले, सगळ्याची नोंद. मला या गेमांत सगळ्यांत जास्त गुंगवलं ते या नोंदवहीनं. पुतण्या चित्रं पाहून थक्क होतो, मी जमाखर्च पाहून.

सुरुवात मात्र घरच्या मालापासून केली. ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं केला आणि तो २०२० साली आला. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीसाठी हात पसरला होता, तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नव्हती. तरी त्यांनी तो रेटला, आणि गेल्या काही वर्षांत जगभर चर्चा झालेल्या भारतीय गेमांत त्याचं नाव आलं. गोष्ट अशी की ऐन रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस येतात आणि राजी नावाच्या कसरत करणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ, गोलू, पळवून नेतात. ती त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे पाहत आपसात गप्पा मारतात, मॅचची कॉमेंट्री चालावी तशा. राजस्थानी किल्ले, पहाडी शैलीची चित्रं, सगळं देखणं. शेवट मात्र असा अचानक येतो की पाणी प्यायला उठावं आणि परत येईतो मांडव उठलेला असावा. मी ही गोष्ट फोनवर बहिणीला सांगितली. भावासाठी एकटी बहीण राक्षसांशी लढते, वगैरे. ती म्हणाली, ‘आन् भाऊ काय करते?’ म्हटलं, त्याला पळवून नेलंय. ‘म्हन्जे नेहमीचंच,’ ती म्हणाली.

‘राजी’त जमाखर्च फारसा नाही. ती कसर पुढच्या गेमनं व्याजासकट भरून काढली.

‘रिटर्न ऑफ द ऑब्रा डिन’ हे त्याचं नाव. लुकस पोप नावाच्या गृहस्थानं तो जवळपास एकट्यानं केला, २०१८ साली आला. चित्रं नुसती काळी-पांढरी, मधली करडी छटासुद्धा नाही. जुन्या पंचांगातल्या ठशांसारखी. ऑब्रा डिन हे व्यापारी जहाज. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालं, सहा महिन्यांत बेपत्ता जाहीर झालं, आणि १८०७ मध्ये फाटक्या शिडांनी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलं. आत जिवंत माणूस नाही. आणि आपण कोण? शूर शिपाई नाही, जादूगार नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक! हातात वही, त्या वहीत साठ माणसांची नावं. प्रत्येकाचं काय झालं, कुणी मारलं, कशानं मेला, हे शोधून लिहायचं.

विमा म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला या विषयात वेगळी गोडी असते. आमच्या फळपिकाचा विमा हवामानावर चालतो. महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र उभं असतं. त्यानं जेवढं तापमान आणि जेवढा पाऊस लिहिला, तेवढाच मंडळात पडला. झाडापर्यंत यायचं कुणाला कारणच नाही. केंद्राच्या बाजूला कोरडं आणि तुमच्या बगीच्यात फळांचा सडा, असं झालं तर तो तुमचा आणि आभाळाचा खासगी प्रश्न. आणि इथे हा विमेवाला! याच्याकडे एक घड्याळ आहे. सांगाड्याजवळ नेऊन उघडलं की त्या माणसाचा मरतानाचा क्षण समोर गोठून उभा राहतो. त्या क्षणात हा फिरतो, बुटांचे तळवे पाहतो, कुणाच्या बोटात अंगठी आहे ते पाहतो, कोण कुठल्या झोळीत झोपतो ते झोळीवरच्या आकड्यावरून ताडतो, बोलण्याच्या ढंगावरून माणसाचा देश ओळखतो. हिंदुस्थानी खलाशी आहेत, चिनी आहेत, त्यांनाही नावं आहेत आणि त्यांच्या नावापुढेही रकाना रिकामा सोडता येत नाही. तिघांची हकिगत बरोबर जुळली की वही ती छापून पक्की करते. शेवटी वारसांना काय द्यायचं, कुणाच्या नावे दंड पडतो, तेही निकाली.

माझी अख्खी रात्र एका खलाशाच्या मोज्यांवर गेली. सकाळी बायको म्हणाली, ‘अहो, डोळे कायचे सुजले?’ मी म्हटलं, एका माणसाचा क्लेम अडकला होता.

मजा पुढे आहे. जहाज समुद्रात हरवलं होतं त्याच सुमारास, १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, हीच कंपनी आमच्या वऱ्हाडात होती. तेल्हाऱ्याकडच्या अडगावला लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला. चिखलदऱ्याला जाणारे लोक आता तिथे भुट्टे खात फोटो काढतात. त्या गडावर किती माणसं पडली, कुणाची, कुठली, याची ऑब्रा डिनसारखी वही घेऊन कुणी निरीक्षक फिरल्याचं ऐकिवात नाही. खोट्या जहाजावरच्या साठांचा हिशोब लागला. मला तर त्या गेममधला समुद्रातला राक्षस पटला (आहे, राक्षस आहे), मायावी घड्याळही पटलं. प्रत्येक खलाशासाठी पायऱ्या चढणारा विमा-निरीक्षक तेवढा अद्भुतात जमा.

आता तो घोडा.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हाही २०१८ चा, पण ऑब्रा डिन एका माणसाचा आणि हा हजारोंच्या फौजेनं केलेला. काळ १८९९. अमेरिकेत दरोडेखोरांचे दिवस सरत आलेले, आणि आर्थर मॉर्गन नावाचा आडदांड माणूस आपल्या टोळीबरोबर इकडून तिकडे पळतो आहे. १८९९ म्हणजे आमच्याकडे मोठ्या दुष्काळाचं वर्ष, वऱ्हाडात गुरं पटापट मेली ते. आर्थरच्या मुलखात मात्र गवत गुडघाभर. त्या गवतातून घोडा चालवताना मला सारखा राग यायचा, हे कबूल केलेलं बरं.

पण घोडा गोड आहे. त्याला चारायचं, घासायचं, घाबरला तर मानेवर थोपटायचं. जेवढं कराल तेवढी मैत्री वाढते आणि तिचे चार टप्पे आहेत. टप्पा वाढला की गेम तसं लिहून दाखवतो. बायकोनं एकदा मागून पाहिलं. ‘घरच्या गाईले कधी असा हात लावला का हो?’ तिला काय सांगणार. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायचो, तेव्हा मी तिला नवरा म्हणून ठाऊकच नव्हतो. आता दारात ट्रॅक्टर आहे, त्याला ग्रीस लागतं.

या गेममध्ये माणसाच्या पाप-पुण्याचाही काटा आहे. लुटलं की काटा डावीकडे, कुणाला मदत केली की उजवीकडे. रस्त्यानं जाणाऱ्याला नुसता नमस्कार केला तरी तो किंचित उजवीकडे सरकतो. आमच्या गावात बस स्टँडपासून घरापर्यंत माणूस पंचवीस जणांना राम राम करतो. तसा हिशोब धरला तर अर्धं गाव संतपदाला पोचलेलं आहे.

हे सगळं गमतीत चाललेलं असताना गेमनं मला एका प्रसंगात धरलं. टोळीतला एक जण व्याजानं पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. आर्थर एका शेतकऱ्याच्या दारात जातो. शेतकरी खंगलेला, खोकणारा. आज नाही म्हणतो, मुदत मागतो. आर्थर त्याला कुंपणाशी दाबून मारतो. खेळणाऱ्याला इथे दुसरा मार्ग नाही, बटण दाबावंच लागतं. मारताना तो शेतकरी आर्थरच्या तोंडावर खोकतो, रक्ताचे शिंतोडे उडतात. बस, एवढंच. गेम पुढे जातो, दरोडे पडतात, रेल्वे लुटली जाते, आपण ते विसरतो. कितीतरी रात्रींनंतर आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, क्षय आहे. तो कुठून आला ते तेव्हा लक्षात येतं.

वसुलीला गेलेल्याला कर्जदाराच्या दारातून काहीतरी लागून येतं, हे मी वऱ्हाडात बसून पाहिलं. पडद्यावरचं शेत तिकडचं, लाकडी कुंपण तिकडचं, पण दारात उभी असलेली बायको आणि पोरगा ओळखीचे वाटले. पुढे आर्थर त्या विधवेला शोधतो, पैसे देऊ करतो. ती त्याच्या तोंडाकडे बघायला तयार नसते. तिचं वागणं मला या सबंध गेममधलं सगळ्यांत खरं वाटलं. बाकी त्या खोकल्याची नोंद ठेवून तो बरोबर त्याच माणसाच्या नावे टाकणारा कारकून कुठे भेटायचा!

शेवटच्या रपेटीत घोडा मरतो. गोळ्या झाडणारे मागे असताना आर्थर थांबतो आणि त्याच्याजवळ गुडघे टेकतो. त्या रात्री लाईन आली होती आणि मी मोटर सुरू करायला अर्धा तास उशिरा गेलो.

‘युरो ट्रक सिम्युलेटर २’बद्दल दोन ओळी पुरेत, कारण तो संपतच नाही. झेक लोकांनी केलेला, २०१२ पासून चालू आहे. युरोपभर माल न्यायचा, पोचवायचा, पुन्हा न्यायचा. आमच्या गल्लीतल्या एका भाऊंनी आयुष्यभर संत्र्याचे ट्रक चालवले. दिल्ली पाहिली, कोलकाता पाहिलं. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हापासून तिकडच्या फेऱ्या मंदावल्या, तेही पाहिलं. त्यांना म्हटलं, बसा. भाऊ बसले, दोन बोटांनी ट्रक जर्मनीत काढला आणि आधी डावीकडे पाहिलं. ‘क्लीनर कुठी हाय?’ म्हटलं, क्लीनर नसतो. भाऊंना ते मुळातच पटलं नाही. क्लीनर नाही तर मागे कोण पाहणार, टायर कोण ठोकणार, बोलायचं कुणाशी. पुढच्या चौकात लाल दिवा तोडला. लगेच पडद्यावर दंड आला, पैसे कापले गेले. भाऊ इकडे-तिकडे पाहू लागले. ‘साहेब तं कोठी दिसत नाई. मंग पैशे कोनं कापले?’ आपोआप कापले जातात म्हटलं. ‘थांबून बोलता नाई येत?’ नाही येत. भाऊंनी हँडब्रेक लावला आणि चहा मागितला. तो ट्रक अजून हॅनोव्हरच्या बाहेर उभा आहे.

उरला शेतीचा गेम. तो शेवटी ठेवला, कारण त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आधी आमचा धंदा सांगायला हवा. शेंदूरजनाघाट बाहेर ओळखलं जातं ते संत्र्याच्या कलमांसाठी. जंबेरीचं रोप वाढवायचं, ते पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीवर काप घेऊन त्यात चांगल्या झाडाचा डोळा बसवायचा, पट्टीनं बांधायचा. हे काम करणारी माणसं बोलता बोलता शेकड्यांनी डोळे बांधतात. कलमं घ्यायला मध्य प्रदेशातून गाड्या येतात, राजस्थानापर्यंत माल जातो. कलम लावल्यावर चार-पाच वर्षं फक्त पोसायचं. मग फळ. तेही सरळ येत नाही: पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, आंबिया बहार घ्यायचा की मृग ते ठरवायचं, मग ताण सोडायचा. मग फळगळ, मग डिंक्या, मग कोळशी, मग व्यापारी. एवढं होऊन बाजारात नाव नागपूरचं. भौगोलिक मानांकनसुद्धा ‘नागपूर संत्रा’ म्हणूनच. पिकतो आमच्या वरुड तालुक्यात, ओळख सांगतो मामाच्या गावची.

तर ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानं हा गेम एकट्यानं केला. चित्रं त्याची, गाणं-बजावणं त्याचं, लिहिणं त्याचं. साडेचार वर्षं लागली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. साडेचार वर्षं हा आकडा वाचून मला माणूस आपल्यातला वाटला. कलम लावून तो फळाची वाट पाहत बसला होता. गोष्ट साधी: शहरातल्या कंपनीत पिचलेल्या माणसाला मेलेल्या आजोबाची चिठ्ठी सापडते, आणि तो आजोबाच्या पडीक शेतावर राहायला जातो. आमच्याकडे चिठ्ठी उलट्या दिशेनं जाते, पण असो.

गावातल्या पिअरच्या दुकानात संत्र्याचं कलम मिळतं. किंमत चार हजार. मी तीन वेळा वाचलं. आमच्या कलमाला कुणी शंभराची नोट पुढे केली तर आम्ही ती उजेडात धरून पाहतो. चार हजार! तरी घेतलं, व्यवसायबंधूचा माल म्हणून. लावताना भोवतालचे आठ चौकोन मोकळे ठेवायचे, एवढीच अट. अठ्ठावीस दिवसांत झाड पूर्ण. उन्हाळ्यात रोज एक फळ. आणि आता सावकाश वाचा: या झाडाला पाणी लागत नाही. टोमॅटोला लागतं, कोबीला लागतं, संत्र्याला नाही! वरुड-मोर्शीच्या माणसाला हे कसं वाटेल याची त्या बॅरोनला कल्पना नसणार. इथे पाणी खाली खाली गेलं, बोअर हजार-हजार फुटांवर गेले, भूजल उपशाच्या यादीत आमचा तालुका वर गेला, सगळं या एका झाडापायी. आणि तिथे ते बिनपाण्याचं उभं आहे, वर पाखरू नाचतंय.

रोग नाही. झाड वर्षागणिक जुनं होतं तसं फळ उतरण्याऐवजी सुधारतं. एकदा वादळात झाडावर वीज पडली. मी दुसऱ्या दिवशी धास्तीनं गेलो, तर झाड शाबूत, फक्त फळांच्या जागी चार दिवस कोळसा लागला. आमच्या झाडावर कोळशी येते, तिथे कोळसा. तोही विकला जातो.

आणि विक्री! घराशेजारी एक लाकडी खोका आहे. माल त्यात टाकायचा आणि झोपायचं. सकाळी पैसे जमा, पै न पै, प्रत्येक वस्तूचा वेगळा आकडा. व्यापारी येत नाही, बगीचा उक्ता मागत नाही, इसार देऊन महिनाभर गायब होत नाही, तोडणीच्या वेळी अर्धं फळ लहान म्हणून बाजूला काढत नाही. साध्या संत्र्याला शंभर. तुम्ही एक टाका, शंभर. हजार टाका, प्रत्येकी शंभर. शेजाऱ्याचं पीक बंपर आलं, शंभर. सणाच्या आधी शंभर, सणानंतर शंभर. पहिल्या महिन्यात मला हा स्वर्ग वाटला. दुसऱ्या महिन्यात मी बाजाराच्या वेळी उगाच गावात चक्कर मारून येऊ लागलो, भावाबद्दल कुणी काही बोलतंय का पाहायला. कुणी बोलत नाही. हवेवर बोलतात, मासेमारीवर बोलतात.

घरात एका बाबीवर वादळ झालं, तेवढं सांगतो. या गेममध्ये लग्न करता येतं. ज्याच्याशी करायचं त्याला भेटवस्तू द्यायच्या, आणि नियम असा की आठवड्यातून दोनच. बायकोनं ‘दोनच’ हा शब्द बरोबर पकडला. ‘तिथं आठवड्यात दोन? आन् आपल्याकडं?’ मी त्या गावात अविवाहित राहिलो.

आणखी एक विरोधाभास रात्रीचा. तिथला शेतकरी रात्री दोनपर्यंत घरी पोचला नाही तर जागच्या जागी बेशुद्ध पडतो. कुणीतरी उचलून आणतं आणि वर पैसे कापले जातात. आमची रात्रीची लाईन असते तेव्हा दोन वाजता माझं पात्र पडद्यावर कोसळायचं आणि मी टॉर्च घेऊन विहिरीकडे निघायचो.

तिसरं वर्ष लागलं की आजोबाचं भूत येतं आणि हिशोब तपासतं. किती कमावलंस, किती माणसं जोडलीस, घर वाढवलंस का, यावरून समाधीपाशी एक ते चार मेणबत्त्या पेटतात. मला तीन मिळाल्या, लग्नाअभावी असावं. म्हणायला इथे गेम संपतो. दोन वर्षं थांबून एकदाच बोलणारा आजोबा पाहून मला गहिवरून आलं. आमच्याकडे तो जिवंतपणी ओसरीतल्या खाटेवर बसतो आणि मेणबत्त्या रोज विझवतो.

संपला म्हणून मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले. मोर्शीकडे त्यांचा बगीचा आहे, पंच्याहत्तरी झाली, तरी झाडाखाली कुणी वाकडं फावडं मारलं तर ऐकू येतं. चष्मा पुसून त्यांनी पडद्यावरची माझी झाडं पाहिली.

‘जवाईबापू, हे कोनं लावले? अठरा बाय अठरावर पाह्यजे होते.’

म्हटलं, मामाजी, इथे आठ चौकोन सोडले की चालतं.

‘चालते म्हन्तात सगळेच. मंग सात वर्षानं फांदीत फांदी अडकते.’ मग त्यांनी कलमाचा भाव विचारला. चार हजार ऐकून हात जोडले. फळाचा विचारला. शंभर म्हटल्यावर पुढे सरकले. ‘नगाला?’ नगाला. ‘घेनारा कोन?’ खोका आहे म्हटलं. त्यांनी त्या खोक्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. ‘अन् भाव वाढते कधी?’

वाढत नाही, मामाजी. ठरलेला आहे.

‘असं कुठी असते? आज नवी बाग निघाली असन, म्हनून पाडून ठेवला असन त्यानं. तुमी घाई कायले करता? माल ठेवाले जागा हाय?’

पेटी होती. तीत ठेवलेलं फळ कधी सडत नाही, हे मी सांगायला नको होतं. ‘सडत नाई?’ मामाजी उठून बसले. ‘मंग इकता कायले? ठेवा.’ झाडावरचं एकूण एक संत्रं त्यांनी मला पेटीत ठेवायला लावलं, मोजून, आणि आकडा पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून नेला. त्यामुळे पुतण्याच्या खात्यात तो गेम संपलेला दिसतो आणि आमच्याकडे चालू आहे. दर चार-आठ दिवसांनी मामाजींचा फोन येतो. आधी लेकीची ख्यालीखुशाली, मग पाऊसपाणी, मग आवाज खाली आणून:

‘त्या संत्र्याचा काय भाव हाय?’

‘शंभरच, मामाजी.’

‘थांबा मंग.’